मदत हवी आहे: भाऊ अचानक शांत झालाय, कसं विचारू?

धाकट्या भावाला (वय 27) डिप्रेशन आहे. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. दोन महिने धड न जेवलेला, न झोपलेला पोरगा सोमवारपासून एकदम शांत आहे. आई खूश, माझ्या मात्र पोटात गोळा. कारण काल त्यानं सगळी उधारी फेडली आणि जिवापाड जपलेली बॅट माझ्या पोराला देऊन टाकली. 2021 मध्ये एकदा आत्महत्येचा प्रयत्न झालाय.

फवारणीची औषधं काकांकडे हलवलीत, रात्री त्याच्याच खोलीत झोपतो. टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416) फोन केला. एकटं सोडू नका, सरळ विचारा म्हणाले. डॉक्टरांची वेळ उद्या सकाळची मिळालीय.

विचारल्यानं विचार डोक्यात भरतो असं नसतं, हे माहीत आहे. पण आम्ही दोघं क्रिकेटपलीकडे कधी बोललोच नाही. तुमच्यापैकी कुणी घरात हे विचारलंय का? सुरुवात नेमक्या कोणत्या शब्दांत केलीत?