मदत हवी आहे : पाणबुडीच्या मॉडेलला खालून नेमका कोणता रंग? (अर्जंट)

शहापूर_७७
नमस्कार. मॉडेल जोडून झालंय, पुट्टी भरून घासून झालंय, आता रंगापाशी गाडी अडकलीय. वरचा भाग काळा, एवढं मलाही कळतं. खालच्या अंगाचा घोळ आहे. डब्यावरच्या चित्रात लाल आहे, आतल्या कागदावर हिरवा लिहिलाय, आणि माझ्याकडच्या फोटोत तिसरंच काहीतरी दिसतं. खरा रंग कुठला? ८ तारखेच्या आत पूर्ण करायचंय. 'गूगल करा' म्हणू नका, तेच करून डोकं उठलंय.

यूबोटवाला
कुठल्या देशाची, कुठल्या सालातली, स्केल काय? काहीच लिहिलं नाही तुम्ही. बहुतेक लोक दुसऱ्या महायुद्धातली जर्मन टाइप ७-सी करतात म्हणून तेच धरून सांगतो. लाल विसरा. खालून गडद करडा, वरून फिकट करडा. वरच्यासाठी आरएएल ७००१ (जर्मन रंगतक्त्यातला नंबर) च्या आसपासची छटा शोधा. डेक लाकडी फळ्यांचा असायचा आणि फळ्यांना डांबरासारखं काळं पाजलेलं असायचं. ओला असताना काळा आणि वाळला की करडा दिसतो, म्हणून सपाट काळा मारून मोकळं होऊ नका. मी १/१४४ ची केली होती, जवळजवळ ४७ सेंटिमीटर भरली. नुसत्या डेकला तीन आठवडे लागले.

शहापूर_७७
जर्मन नाही ओ. आपली आहे.

निपाणीकर
आपली म्हणजे कुठली? आपल्या नेव्हीत रशियन आल्या, जर्मन आल्या, आता फ्रेंच बनावटीच्या माझगाव डॉकमध्ये बनल्या. नुसतं 'कलवरी' म्हटलं तरी पुरत नाही. एक कलवरी १९६७ ची, दुसरी २०१७ ची. नाव तेच, जात सगळी वेगळी. खांदेरी आणि करंजचंही तसंच. मी एकदा नव्या खांदेरीचे फोटो बघून जुनी रंगवली होती. घरात कुणाला कळलं नाही, खरं मला ते कपाट उघडलं की अजून टोचतं.

गडवेडा_चिकोडी
खांदेरीचा विषय निघाला म्हणून सांगतो. महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, इंग्रजांनी अडवायला गलबतं आणली तरी काम थांबलं नाही. आमच्या गल्लीतल्या पोरांनी या दिवाळीत खांदेरीच केला होता, भोवती पाण्याला निळी घातली. फोटो टाकू का?

निपाणीकर
टाका, खरं वेगळा धागा काढून टाका.

शहापूर_७७
जुनी. रशियन फॉक्सट्रॉट क्लास, कुरसुरा. स्केल १/३५०. वाटलं फोटोवरून कळेल, मग लक्षात आलं की फोटो टाकायचाच राहिला. सॉरी.
थोडं सविस्तर सांगतो. आमच्या भागात घरटी एक माणूस मराठा लाइट इन्फंट्रीत, मामा तेवढे नेव्हीत गेले आणि तेही पाणबुडीवर. ऐंशीच्या दशकात कुरसुरावर होते. ८ डिसेंबरला सबमरीन डे असतो, त्या दिवशी द्यायचंय. त्यांना विचारता येत नाही, सरप्राइज आहे. फोटो विशाखापट्टणमच्या बीचवरच्या म्युझियमचा आहे, मीच काढलेला. तोच रंग मारला तर चालेल का?

निपाणीकर
नाही चालणार. कुरसुरा फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली, २००२ पासून आर. के. बीचवर उभी आहे. खारा वारा चोवीस तास अंगावर. ती दर थोड्या वर्षांनी लोकांना बघायला बरी दिसावी म्हणून रंगवतात. आज जो रंग दिसतो तो म्युझियमचा. मामांच्या वेळचा तोच असेल असं धरू नका. आकार मोजायला ती बेस्ट आहे, रंगाला नाही.

उद्यमबाग
इतका किस काय काढूलालाय? आमच्या युनिटात रोज कास्टिंग रंगवतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट घ्या, एनसी थिनर घाला, कंप्रेसरला गन लावा, दोन हात मारा. तासाभरात हाताला येतं. खाली रेड ऑक्साइड, वर काळा. काम खल्लास.

वडगावची_मीना
दादा, थांबा. एनसी थिनर प्लॅस्टिकवर मारलं तर मॉडेल विरघळेल! हे पॉलिस्टायरीन आहे, कास्ट आयर्न नाही. शहापूरकर, ते अजिबात करू नका.

उद्यमबाग
मी पोराच्या सायकलचं मडगार्ड रंगवलंय, काही विरघळलं नाही.

वडगावची_मीना
मडगार्डचं प्लॅस्टिक वेगळं. खात्री करायची तर किटमधून जी फ्रेम उरते ना, पार्ट कापून घेतल्यावरची, तिच्यावर एक थेंब टाकून बघा. चिकट झालं की समजायचं. ॲक्रिलिक वापरा, नाहीतर साधा ऑइल एनॅमल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून.

यूबोटवाला
काळ्यासाठी टामिया कंपनीचा एक्सएफ-८५ रबर ब्लॅक घ्या. पाणबुडीवर रबराच्या टाइल असतात, हुबेहूब बसतो.

निपाणीकर
नंतरच्या रशियन किलो क्लासवर असतात, म्हणजे सिंधुघोष वगैरे. फॉक्सट्रॉटवर टाइल नव्हत्या, उघडं रंगवलेलं पोलाद होतं. छटा आवडली म्हणून वापरा, खरं रबर म्हणून नको.

यूबोटवाला
छटेबद्दलच बोलत होतो मी.

निपाणीकर
बरं.

खानापूर_पावसाळी
महत्त्वाची सूचना : पावसाळ्यात मॅट वार्निश मारू नका. हवेत ओल असली की वर पांढुरकं धुकं धरतं आणि मग काही केल्या जात नाही. माझं एक विमान असं दुधात बुडवल्यासारखं झालं. जुलैत तर डबा उघडूच नये.

शहापूर_७७
नोव्हेंबर संपत आला ओ साहेब.

खानापूर_पावसाळी
आमच्याकडे सकाळी दहापर्यंत दव असतं. दुपारी मारा.

शहापूर_७७
मूळ प्रश्न राहिलाच. लाल, हिरवा की काळा?

निपाणीकर
आधी लाल का असतो ते बघा, म्हणजे गोंधळ कमी होईल. पाण्याखालच्या अंगाला शिंपले, शेवाळ चिकटू नये म्हणून जो रंग देतात त्यात तांब्याचं ऑक्साइड घालतात, आणि ते मुळात लालसर असतं. म्हणून जगभरच्या जहाजांची पोटं लाल दिसतात. नियम म्हणून लाल नसतो, औषध लाल म्हणून लाल. दुसरं रंगद्रव्य मिसळून काळा किंवा हिरवाही करता येतो, त्यामुळे कागदावरचा हिरवा अगदी हवेतला असेल असं नाही. बोट एक असली तरी दरवेळी डॉकमध्ये आली की खरवडून नवा थर चढतो. म्हणून 'कुरसुराचा रंग' असं एक उत्तर नाही. 'कुरसुराचा अमुक सालचा रंग' असं विचारा. मामांचा एखादा जुना फोटो आहे का, सुक्या गोदीतला?

शहापूर_७७
आहे. मामीने गुपचूप मोबाइलवर काढून पाठवला. ब्लॅक अँड व्हाइट आहे, कशाचा उपयोग!

यूबोटवाला
ब्लॅक अँड व्हाइटवर लाल काळाच दिसतो, त्यामुळे फोटो बाजूला ठेवा. जुन्या यूबोटींच्या, म्हणजे जर्मन पाणबुड्यांच्या, फोटोंवर हाच घोटाळा झालाय.

निपाणीकर
ते ऑर्थो फिल्मवर, तिला लाल दिसत नाही. ऐंशीच्या दशकात साध्या कॅमेऱ्यात पॅनक्रोमॅटिक फिल्म असायची, तिच्यावर लाल हा मध्यम करडा येतो. तेव्हा पाण्याच्या रेषेच्या वरचा आणि खालचा भाग शेजारी शेजारी बघा. खालचा उजळ दिसतोय का?

शहापूर_७७
हो, थोडा उजळ आहे. रेष स्पष्ट दिसते.

निपाणीकर
म्हणजे खाली काळा नव्हता. लाल होता की हिरवा ते या फोटोवरून सांगता येणार नाही, दोन्ही करड्यात सारखेच येऊ शकतात. निदान एक गळाला.

वडगावची_मीना
लाल ठरला तर सांगते. आमच्याकडे गणपती रंगवतात, लाल रंगाशी आमचा वर्षभर संबंध. डब्यावरच्या चित्रासारखा शेंदरी करू नका, तो मारुतीला शोभतो. तुळशीवृंदावनाला काव लावतो ना, त्याच्या जवळ जा. बर्न्ट सिएनात चिमूटभर काळा घाला, आणि अजून भडक वाटला तर अगदी थोडा पांढरा. टामियाचा एक्सएफ-९ हल रेड मिळाला तर तोही जवळ येतो, खरं आपल्या इथे दुकानात मी कधी बघितला नाही.
दुसरं, एवढ्या छोट्या मॉडेलवर बाटलीतला काळा जसाच्या तसा मारला तर कोळशाचा तुकडा वाटतो. काळ्यात थोडा करडा मिसळा. लांबून बघितलेली मोठी वस्तू फिकट दिसते, ते डोळ्याला खरं वाटायला हवं.

गडवेडा_चिकोडी
कलवरी म्हणजे काय हो? किल्ला का?

निपाणीकर
खोल समुद्रातला शार्क, मल्याळी शब्द. धागा भलतीकडे जातोय.

उद्यमबाग
तिकडचा शब्द की इकडचा, सगळ्याला मूळ आपलंच असतं म्हणतात आमच्याकडे.

वडगावची_मीना
दादा, सीमाप्रश्न इथे नको. पंख्यांबद्दल कुणी बोललंच नाही. कुरसुराला किती?

निपाणीकर
फॉक्सट्रॉटला तीन. मागे तीन शाफ्ट, तीन पंखे. काशाचे असतात, सोनेरी चकचकीत करू नका, पितळी रंगावर तपकिरी पातळ पाणी सोडा. आणि शहापूरकर, टॉवरवर नंबर लिहिणार असाल तर आधी त्या फोटोत नंबर आहे का बघा. म्युझियममध्ये एस-२० दिसतो म्हणून मामांच्या वेळी होताच असं नाही.

शहापूर_७७
फोटोत टॉवर अर्धा कापलाय.

शहापूर_७७
(तीन दिवसांनी) अपडेट. राहवलं नाही. मामांना व्हॉट्सॲपवर पाणबुडीचा एक फोटो 'मस्त आहे' म्हणून पाठवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, खालून कसला रंग असायचा हो? उलट तेच विचारतात, कुठल्या डॉकिंगला? मग म्हणाले, आमच्या वेळी खाली लाल होता, आम्हीच खरवडायचो, नखांतून आठ-आठ दिवस निघायचा नाही. मी म्हटलं, हिरवा कधी? तर हसले. समुद्रात महिनोन्‌महिने काढून आल्यावर सगळं हिरवंच असायचं म्हणाले, ते शेवाळ.
तर लाल. मीनाताईंचं मिश्रण किटच्या फ्रेमवर मारून बघितलं, दुसऱ्या खेपेला जमलं. पाण्याच्या रेषेजवळ हिरवट डाग कसे काढायचे तेवढं कुणी सांगा.

वडगावची_मीना
हिरव्यात थोडा करडा, अगदी पातळ. सुकत आलेल्या ब्रशने वरून खाली ओढा. स्पंजनेही होतं. सगळीकडे करू नका, ठिपक्याठिपक्याने.

यूबोटवाला
सॉल्ट वेदरिंग करा, म्हणजे मिठाने जुनाट डाग. ओल्या रंगावर मीठ...

निपाणीकर
ओल्या नाही, वाळलेल्या रंगावर. पाणी शिंपडून मीठ टाकायचं, सुकलं की दुसरा हात मारायचा आणि मीठ खरवडून काढायचं. खरं दहा दिवसांवर काम आलंय, पहिल्यांदाच करत असाल तर मीनाताईंचा स्पंज बरा.

शहापूर_७७
स्पंजच. आणि एक गडबड झालीय. आज सकाळी मामांचा फोन आला. म्हणे, मला रंग विचारतोस म्हणजे तू काहीतरी करूलालास. मी काही बोललो नाही. तर म्हणाले, जे काय असेल ते रविवारी घेऊन ये, रेष मी मारतो, तुझा हात थरथरतो.

उद्यमबाग
मग कंप्रेसर पाठवू का नको?