मिरजेचा तानपुरा परदेशी मागवताना

मिरजेहून जर्मनीला तानपुरा मागवावा का, या प्रश्नावर आतापर्यंत वाहतूक खर्चाचीच चर्चा झाली आहे. माझ्या मते त्याहून अधिक काळजी भोपळ्याची (खालच्या पोकळ, गोल भागाची) आणि घोडीची (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची) घ्यायला हवी. माझ्या तानपुऱ्याच्या तारा न उतरवताच तो पाठवला गेला आणि खोके उघडले तेव्हा, दांडीच्या सांध्यापासून बोटभर खाली, भोपळ्याला केसासारखी बारीक चीर गेलेली दिसली. त्या दिवशी फार वाईट वाटले. म्हणून तारा पूर्ण सैल करून, घोडी काढून वेगळी गुंडाळून आणि भोपळ्याभोवती चहूबाजूंनी जाड फोम भरूनच वाद्य पाठवावे, असे कारागिराला स्पष्ट सांगावे. चांगला कारागीर हे आनंदाने करतो.

जुना तानपुरा घेणार असाल तर घोडी कशाची आहे ते आधी विचारा, कारण हस्तिदंत किंवा सांबरशिंग भारताबाहेर नेण्यास बंदी आहे. शिसवाच्या लाकडाची भीती मात्र आता बाळगू नये: सायटीस या, धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात २०१९ मध्ये झालेल्या बदलानंतर तयार वाद्यांतील भारतीय शिसवाला त्या कराराचा परवाना लागत नाही. ब्राझीलच्या शिसवाला ही सवलत नाही, पण ते मिरजेच्या तानपुऱ्यात नसतेच.