गोलघुमटात शेजारच्याचं बोलणं कळत नाही, पण पलीकडच्याची कुजबूज कळते. असं का?

भटकी_मनीषा

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत तुळजापूर, अक्कलकोट करून विजापूरला जाऊन आलो. गोलघुमटाच्या वरच्या सज्जात गाईडने माझ्या मुलाला (सातवीत आहे) भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मला बरोबर समोरच्या बाजूला पाठवलं. मी भिंतीशी तोंड नेऊन हळूच विचारलं, "गृहपाठ झाला का?" पलीकडून अगदी कानाशी उत्तर, "आई, इथे तरी नको!"

गंमत अशी की त्याच वेळी माझ्यापासून दोन हातांवर उभे असलेले सासरे काहीतरी सांगत होते, ते मला एक अक्षर कळलं नाही. नुसता कल्ला. मग आवाज येतो कुठून? मधून सरळ येतो की भिंतीवरून? गाईड म्हणाला की बादशहा आणि बेगम असेच बोलायचे आणि त्यासाठीच हे बांधलं. खरं आहे का? आणि हैदराबादच्या गोवळकोंडा किल्ल्यात खाली वाजवलेली टाळी वर टेकडीवर ऐकू जाते म्हणतात, तेही हेच तंत्र का?

पोराला वर्गात पाच मिनिटं बोलायचंय यावर. त्यामुळे त्याच्या वयाला कळेल असं सांगा. लिंका नकोत, त्या मी पाहिल्यात.

साऊंडवाला_सोलापूर

ताई, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. माझा धंदा साऊंडचा. मांडव, गॅदरिंग, नाटकं, कीर्तनं. घुमट असलेल्या देवळात कीर्तनाची सुपारी आली की मी आत गेल्यावर देवाच्या आधी छताकडे बघतो, यातच काय ते समजा. सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर, त्यामुळे घरी पाहुणा आला की त्याला घेऊन गोलघुमट ठरलेलाच.

तुमचा गृहपाठाचा प्रश्न भिंतीवरून गेला. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. तुम्ही भिंतीला तोंड लावून तिच्या कडेकडेने आवाज सोडता. तो जरा पुढे जाऊन भिंतीला निसटता घासतो, जेवढ्या तिरक्या कोनात आला तेवढ्याच कोनात सुटतो, परत पुढे घासतो, परत सुटतो. कॅरम बोर्ड गोल असता आणि तुम्ही स्ट्रायकर कडेला घासून मारला असता तर तो जसा कड धरूनच फिरत राहिला असता, तसं. भिंत गोल असल्यामुळे हा कोन दर वेळी तोच राहतो, म्हणून आवाज मध्ये पोकळीत शिरतच नाही. भिंतीलगत एक पट्टा धरून जातो.

याचा फायदा काय, तर आवाज फार मरत नाही. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते, कारण तो चहूकडे पसरतो. भिंत धरून चाललेल्या आवाजाला आतबाहेर पसरायला वावच नाही, म्हणून अंतर दुप्पट झालं तरी साधारण निम्मा उरतो. अर्ध्या गोलाचा रस्ता भरतो ६० मीटर. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे तुमचा प्रश्न पोराच्या कानाला पोचायला सेकंदाचा सहावा हिस्सा पुरतो.

आता कुजबूजच का? हे गाईड सांगत नाहीत. आपण कुजबुजतो तेव्हा गळ्यातल्या तारा थरथरत नाहीत, फक्त हवा सुटते: स, श, च, ख यांचा फुसफुसाट. हा सगळा वरच्या पट्टीचा माल. ३००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ३००० कंपनं) आवाजाची लाट जेमतेम ११ सेंटीमीटर लांब. एवढी आखूड लाट भिंतीला छान चिकटून राहते. उलट पुरुषाच्या भरदार आवाजाचा मूळ सूर १०० हर्ट्झच्या आसपास, त्याची लाट ३.४ मीटर. तो सज्जाच जवळपास तेवढा रुंद आहे! एवढी अवाढव्य लाट कड कसली धरतेय, ती सगळ्या घुमटभर पसरते आणि घुमत बसते. तुमच्या सासऱ्यांचं तेच झालं.

वर प्रतिध्वनी आहेच. आवाज समोरच्या भिंतीवर जाऊन परत यायला ७६ मीटर, म्हणजे पाव सेकंदापेक्षा जरा कमी. आपण बोलताना सेकंदाला चार-पाच अक्षरं सहज जातात. म्हणजे दुसरं अक्षर तोंडातून निघतंय तोवर पहिलं परत येऊन त्याच्या डोक्यावर बसतं. टाळी वाजवलीत तर सात ते दहा वेळा परत ऐकू येते आणि मजा वाटते. बोललात तर खिचडी. त्यात शाळेची सहल वर आलेली असली की प्रत्येक पोरगं "ओऽऽऽ" करून बघतं. ते ओरडतात, ऐकू येत नाही म्हणून गाईड त्यांच्यावर ओरडतो, आणि मग कुणालाच काही कळत नाही.

देवळात मला हाच त्रास रोज आहे. मंडळाचा अध्यक्ष येऊन सांगतो, "मागं कळत नाही, आवाज वाढवा." मागं कळत नाही ते आवाज जास्त आहे म्हणूनच! मी काय करतो, समोर दोन मोठे कॉलम लावण्यापेक्षा खांबाखांबाला छोटे बॉक्स लावतो, तोंडं खाली लोकांकडे, आणि बुवांच्या माईकचा बास कापतो. पखवाजाला तर माईकच देत नाही, तो तसाच घुमटभर होतो. अध्यक्षाला वाटतं, पैसे घेऊन आवाज कमी दिला. पण शेवटच्या रांगेतल्या आजीला अभंगाचा शब्द कळतो, आणि मला पुढच्या वर्षीची सुपारी मिळते.

काका_मिरजकर

साऊंडवाले, झकास. पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली, पण 'सासऱ्यांची लाट' हे उदाहरण मला कधी सुचलं नाही.

थोडी पुरवणी जोडतो. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये असाच सज्जा आहे, २५७ पायऱ्या चढून जावं लागतं. तिथल्या कुजबुजीबद्दल आधी एरी या खगोलशास्त्रज्ञाचं म्हणणं असं होतं की आवाज घुमटावर आपटून बरोबर समोरच्या बिंदूवर गोळा होतो. लॉर्ड रॅले या इंग्रज पदार्थवैज्ञानिकाला ते पटेना. कारण कुजबूज फक्त समोर नाही, भिंतीलगत कुठेही कान लावला तरी ऐकू येते. मनीषाताई, तुमच्या गाईडने मुलाला 'बरोबर समोर' बसवलं ती निव्वळ रीत. तो पाव गोलावर बसला असता तरी गृहपाठातून सुटला नसता.

रॅले यांनी हे सिद्ध केलं ते फार देखणं आहे. जस्ताचा बारा फूट लांब पत्रा अर्धगोल वाकवून उभा केला. एका टोकाला पक्ष्याच्या आवाजाची बारीक शिट्टी, दुसऱ्या टोकाला आवाजाने फडफडणारी गॅसची ज्योत. शिट्टी वाजली की ज्योत फडफडायची. मग त्यांनी पत्र्याच्या आतल्या बाजूला, अगदी लगत, एक अरुंद पट्टी आडवी धरली. ज्योत शांत! म्हणजे आवाज जातोय तो त्या चिंचोळ्या पट्ट्यातूनच.

पुढे १९२१ साली आपले सी. व्ही. रामन इंग्लंडला गेले असताना त्यांनी सदरलंड या सहकाऱ्यासोबत सेंट पॉल्समध्येच प्रयोग केले. भिंतीपासून आत सरकत गेलं तर आवाज सरळ कमी होत जात नाही, कमी-जास्त-कमी असा होतो, हे त्यांना आढळलं. हिंदुस्थानात परतल्यावर त्यांनी आपल्याकडचे घुमटही तपासले, त्यात गोलघुमट होता आणि पाटण्याचं गोलघर होतं. (त्याच प्रवासात भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून त्यांना जो प्रश्न पडला, त्याची परिणती १९२८ च्या रामन परिणामात झाली. एकाच सफरीत कान आणि डोळे दोन्ही कामाला लावणारा माणूस.)

बादशहा-बेगमची गोष्ट मात्र सोडून द्या. हा मकबरा आहे. महंमद आदिलशहाने स्वतःसाठी बांधायला घेतला आणि १६५६ साली तो गेला तेव्हा इथेच पुरला गेला. बेगमाही इथेच आहेत, पण त्या तळघरात, कबरींत. शंभर फुटांहून उंचावरच्या सज्जात चढून कोण गुजगोष्टी करणार? मोठा, गोल, गुळगुळीत गिलाव्याचा घुमट बांधला की कुजबूज त्याच्यासोबत फुकट येते. सेंट पॉल्सचंही तेच. खरं कौतुक करायचं तर एकमेकांत गुंफलेल्या कमानींचं करा. ४४ मीटर बाहेरचा व्यास असलेला घुमट त्या चौकोनी खोलीवर तोलून धरतात, मध्ये एक खांब नाही. मुलाला त्यावरही दोन वाक्यं बोलू द्या.

हैदराबादी_देशपांडे

गोवळकोंड्याचं मी सांगतो, इथेच राहतो. तंत्र वेगळं आहे. तिथे आवाज भिंत धरून फिरत नाही. बालाहिसारच्या (टेकडीवरच्या बालेकिल्ल्याच्या) प्रवेशद्वाराशी घुमटाकार छताखाली एक ठरावीक जागा आहे. तिथे टाळी वाजवली की छत तो आवाज गोळा करून बाहेर फेकतं, आणि समोर टेकडीच्या माथ्यावरच्या सज्जात ती ऐकू येते. दोन-चार पावलं बाजूला सरकून वाजवा, वरच्याला काही नाही. गाईड लोक अंतर एक किलोमीटर सांगतात. तेवढं धरलं तर टाळी पोचायला जवळपास तीन सेकंद.

इथेही साऊंडवाल्यांचाच मुद्दा लागू. टाळी का, हाक का नाही? टाळी तुटक आणि धारदार, मागे घुमत राहत नाही. पण टाळीत मजकूर किती मावणार? "कुणीतरी आलंय" एवढाच, आणि तोही आधी ठरलेला असेल तर. आपण लहानपणापासून विशाळगडाच्या तोफांची कथा ऐकतो. १६६० साली महाराज गडावर पोचल्यावर तोफा झाल्या, तेव्हा खिंडीत बाजीप्रभूंना अर्थ कळला, तो आधीचा ठराव होता म्हणून. वाटेवरच्या गावकऱ्याला तो नुसता दणका.

आणि एवढी टाळीची सोय असून १६८७ साली काय झालं? औरंगजेबाने आठ महिने वेढा दिला, किल्ला पडेना. शेवटी आतल्याच माणसाने रात्री दरवाजा उघडून दिला. तो आजचा फतेह दरवाजा. टाळी वाजवायची ज्याची पाळी, तोच फितूर!

पाठक_लखनौ

लखनौच्या बड्या इमामबाड्यात पण काडी पेटवली की दुसऱ्या टोकाला ऐकू येते. पन्नासेक मीटर लांब दालन, खांब नाही. नवाब आसफुद्दौलाने १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधायला घेतलं. पण ते दालन गोल नाही. मग तिथे कसं?

साऊंडवाला_सोलापूर

पाठकसाहेब, गोल नसलं तरी वर कमानदार छत आहे ना. शिवाय आवाज अडवायला आणि शोषायला मध्ये काहीच नाही, आणि काडीचा आवाज वरच्या पट्टीचा, तुटक. फक्त माणसं शांत हवीत. लग्नाच्या हॉलमध्ये काडी पेटवून बघा, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही.

भटकी_मनीषा

सगळ्यांना खूप धन्यवाद. मुलगा शेजारी बसून वाचतोय, 'सासऱ्यांची लाट' आजोबांना ऐकवून झाली, आजोबा रुसलेत. काका, तो पत्र्याचा प्रयोग वर्गात जमेल का? गॅसची ज्योत काही शाळा करू देणार नाही.

साऊंडवाला_सोलापूर

ज्योत कशाला, पोरांचे कान आहेत की. हार्डवेअरच्या दुकानातून पातळ पत्रा घ्या, आठ फूट लांब, दीड-दोन फूट रुंद. कडांना चिकटपट्टी लावा, हात कापतात. जमिनीवर उभा करून अर्धगोल वाकवा, बाहेरून बाकांचा आधार द्या. एका टोकाला मोबाईल, त्यावर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप, ८००० हर्ट्झ, आवाज अगदी बारीक. मोबाईलचा स्पीकर पत्र्याच्या कडेकडेने रोखलेला हवा, मध्ये नाही. दुसऱ्या टोकाला पोराचा कान, पत्र्याशी.

आधी मधल्या मोकळ्या जागेत दप्तरांचा ढीग लावा, म्हणजे सरळ येणारा आवाज अडेल. तरीही ऐकू येईल. मग पत्र्याच्या आतून, लगत, एक जाड पुठ्ठा आडवा धरा. आवाज पडेल. मग तोच टोन ३०० हर्ट्झवर आणा आणि पुन्हा करा. या वेळी पुठ्ठ्याने फारसा फरक पडणार नाही, आणि का ते पोरालाच सांगू द्या.

एक मात्र करा. पंखे बंद, आणि प्रयोग आधी घरी एकदा. शाळेच्या वर्गात चाळीस पोरं गप्प बसवणं बाईंच्या हातात आहे, माझ्याकडे त्याचं मशीन नाही. पुन्हा विजापूरला आलात तर सकाळी गेट उघडतानाच आत शिरा, सहली यायच्या आधी. आजोबांनाही वर न्या आणि भिंतीकडे तोंड करून कुजबुजायला सांगा, त्यांचंही ऐकू येईल.