चाल हजार वर्षांची नाही

तैवानी गायिका तेरेसा तेंगने गायलेली, चिनी कवी सू शीची मध्य-शरद सणाच्या चंद्रावरची कविता 'मूळ चालीत' आहे, असा एक समज आहे. तसं नाही. कविता १०७६ ची. चाल संगीतकार ल्यांग होंगचि यांची, १९८३ च्या अल्बमसाठी बांधलेली. घोळ शीर्षकामुळे होतो: 'श्वेइत्याओ कथोउ' हे कवितेचं नाव नसून जुन्या चालीचं आहे, आपल्या नाट्यपदांवर 'चाल –' लिहायचे तसं. ते सूर हरवले, उरला साचा: ९५ अक्षरं, शब्दांच्या उच्चारातले ठरलेले चढउतार, ठरलेली यमकं.

ऐकताना पहिल्या कडव्यातली थ्येन, न्येन, हान, च्येन ही यमकं पकडा, ओळी आपोआप सुट्या होतात. मँडरिनमधले (गाण्याच्या चिनी भाषेतले) शब्दांचे अर्थ ठरवणारे चढउतार मात्र गाण्यात शोधू नका. चाल ते सर्रास मोडते. कँटोनीज या दक्षिणेकडच्या चिनी भाषेतल्या गाण्यात ते पाळावेच लागतात, नाहीतर शब्दच बदलतो.