रक्तात एन्झाइम भरपूर, पेशीत मात्र नाही: आय-सेल रोगात असं का होतं?

पेशीवेध:
लायसोसोमचा (पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशवीचा) आजार म्हणजे एखादं एन्झाइम तयारच न होणं, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. मग आय-सेल या आनुवंशिक लायसोसोम-रोगात रक्तद्रवात या एन्झाइमांचं प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आणि त्याच रुग्णाच्या त्वचेतून वाढवलेल्या फायब्रोब्लास्टमध्ये (संयोजी ऊतीच्या पेशींमध्ये) अगदी कमी, हे कसं? शिवाय ती रक्तात मोकळी फिरतात, तर तिथली प्रथिनं का पचवत नाहीत?

सामू७:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी. लायसोसोमच्या आत सामू (पीएच) ४.५ ते ५ असतो, पेशीद्रवात ७.२ च्या आसपास आणि रक्तात ७.४. आतली आम्लता टिकवायला पटलावरचा व्ही-एटीपेझ पंप सतत एटीपी खर्च करून प्रोटॉन आत ढकलतो. आतली साठेक हायड्रोलेझं (पचवणारी एन्झाइमं) या आम्लातच नीट चालतात, रक्तात ती जवळपास निकामी असतात. त्यामुळे लायसोसोमना 'आत्मघाती पिशव्या' म्हणणं मला दिशाभूल करणारं वाटतं. थोडी गळती पेशी सहज पचवते. पटल मोठ्या प्रमाणावर फाटलं की मात्र कॅथेप्सिनं (आतली प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) पेशीमृत्यूची साखळी सुरू करू शकतात.

गॉल्जीकर:
आता पहिला प्रश्न. आय-सेलमध्ये एन्झाइम तयार होतं, पण त्यावर पत्ता लिहिला जात नाही. हा पत्ता म्हणजे मॅनोज-६-फॉस्फेट. गॉल्जीत (पेशीतल्या प्रथिनांच्या पाठवणी-केंद्रात) एक फॉस्फोट्रान्सफरेझ एन्झाइमच्या साखरसाखळीतल्या मॅनोजवर फॉस्फेट बसवतं, पण त्यावर एन-ॲसिटिलग्लुकोसामिनचं झाकण असतं. दुसरं एन्झाइम ते झाकण काढतं. मग ग्राही (पत्ता ओळखणारं प्रथिन) हा पत्ता पकडून माल एंडोसोमकडे, म्हणजे लायसोसोमच्या वाटेवरच्या पिशवीकडे, नेतो, तिथल्या आम्लात तो सोडतो आणि परत गॉल्जीत येतो. या फॉस्फोट्रान्सफरेझचं जीएनपीटीएबी जनुक बिघडलं की पहिली पायरीच अडते आणि बहुतेक माल पेशीबाहेर जातो. लायसोसोममध्ये कचरा साठतो तो याच कारणाने.

निदानातली एक मेख सांगतो. ग्लुकोसेरेब्रोसिडेझ हे लायसोसोमचं एन्झाइम या पत्त्यावर अवलंबून नाही, ते लिंप-२ प्रथिनाला धरून जातं, म्हणून इथे ते शाबूत राहतं. पांढऱ्या पेशींतही बरीच एन्झाइमं जवळजवळ नेहमीइतकी असतात. तेव्हा केवळ पांढऱ्या पेशी तपासून आय-सेल नाकारू नका. रक्तद्रव आणि फायब्रोब्लास्ट दोन्ही पाहा.

पेशीवेध:
म्हणजे नेहमीची तपासणीही फसवू शकते? टे-सॅक्ससारख्या एकाच एन्झाइमच्या अभावाच्या रोगातसुद्धा?

फ्लुओ३६५:
हो, आणि टे-सॅक्समध्ये तर हमखास. त्यात कमी पडणारं एन्झाइम हेक्सोसामिनिडेझ ए. एकूण हेक्सोसामिनिडेझ मोजलं तर ते नेहमीइतकं किंवा जास्तच येतं, कारण ए प्रकार नसला तरी बी असतो. दोन्ही वेगळे करायला नमुना सुमारे ५० अंशांना तापवतात. ए मरतो, बी टिकतो, फरक म्हणजे ए. पण रोगाच्या बी१ नावाच्या प्रकारात ए साध्या सब्सट्रेटवर (एन्झाइम ज्यावर काम करतं त्या रसायनावर) चालतो आणि रोग निसटतो. तिथे सल्फेट असलेलं सब्सट्रेटच हवं. गरोदरपणात सीरम वापरू नये, पांढऱ्या पेशी घ्याव्यात.

मोजणी ४-मेथिलअंबेलिफेरिल सब्सट्रेटने होते; एन्झाइम ते तोडून चमकणारा रंग सोडवतं. आम्ल बफरमध्ये ३७ अंशांना अभिक्रिया, मग सामू १० च्या वरचं ग्लायसिन-कार्बोनेट घालून ती थांबवायची. सुटलेला रंग आम्लात फारसा चमकत नाही, हे द्रावण त्यामुळे दुहेरी काम करतं: एन्झाइम थांबवतं आणि चमकही आणतं. ते कमी पडलं की आकडा खोटा कमी येतो. त्याच नमुन्यात एखादं वेगळं एन्झाइम, उदाहरणार्थ बीटा-गॅलॅक्टोसिडेझ, नेहमी मोजा. दोन्ही कमी आले तर आधी नमुन्यावर संशय घ्या. वाटेत गरम झालेला नमुना असाच दिसतो. फॅब्री या दुसऱ्या लायसोसोम-रोगात स्त्रियांचं एन्झाइम सामान्य येऊ शकतं, तिथे जनुक तपासणीशिवाय गत्यंतर नाही.

गॉल्जीकर:
उपचारातही हाच पत्ता कामी येतो, कारण पेशीच्या बाहेरच्या पटलावरही तो ओळखणारा ग्राही असतो. पॉम्पे या स्नायूंच्या लायसोसोम-रोगात अल्ग्लुकोसिडेझ अल्फा हे बाहेरून द्यायचं एन्झाइम दर दोन आठवड्यांनी किलोमागे २० मिग्रॅ शिरेतून देतात आणि स्नायू ते या ग्राहीमार्फत आत घेतात. गोशे रोगात (ग्लुकोसेरेब्रोसिडेझच्या कमतरतेत) माल पोचवायचा असतो महाभक्षक पेशींना, म्हणून तिथे साखरसाखळीच्या टोकाचं मॅनोज उघडं ठेवतात. मेंदूत मात्र शिरेतलं एन्झाइम रक्त-मेंदू अडथळ्यामुळे पोचत नाही. म्हणूनच सीएलएन२ या मेंदूच्या लायसोसोम-रोगात सर्लिपोनेझ अल्फा हे एन्झाइम थेट मेंदूच्या पोकळीत सोडतात, दर दोन आठवड्यांनी ३०० मिग्रॅ, अगदी लहान मुलांत त्याहून कमी.