व्हिक्टोरियन घराचं धुराडं: ब्रश कुठला, रॉड कुठले?

लीड्सकर: इंग्लंडातलं १८९० च्या सुमाराचं टेरेस घर (एका रांगेत भिंतीला भिंत लागून असलेलं) आहे. धुराड्याचा मार्ग चौकोनी, ९ × ९ इंच, आतून चुन्याचा गिलावा, स्टीलचं लायनर (आत सोडलेली नळी) नाही. लाकूड जाळतो. दुकानात तारेचे, केसांचे, ड्रिलला लावायचे असे सगळेच ब्रश दिसतात. गिलाव्याला धक्का न लावणारा कुठला? गटार मोकळं करायचे ड्रेनचे रॉड घरात आहेत, ते चालतील?

चुनखडी: तारेचा अजिबात नको. त्या काळी आतला गिलावा चुना-वाळूचा, पुष्कळदा त्यात शेण कालवलेलं (सारवण तिकडेही होतं म्हणायचं!). सव्वाशे वर्षं आम्लधर्मी धूर खाऊन तो भुसभुशीत होतो आणि तारेने पापुद्रे सुटतात. शेजारच्या धुराच्या मार्गाशी मधली भिंत अर्ध्या विटेच्या जाडीचीच. तिचे सांधे उघडे पडले की खालचा धूर वरच्या बेडरूममध्ये. शिवाय तार कोपऱ्यात रुतली की ब्रश मागे येत नाही.

केसांचा १६ इंची गोल ब्रश घ्या. मार्ग ९ इंची असला तरी कर्ण जवळजवळ पावणेतेरा इंच भरतो. लहान ब्रश कोपऱ्यांतली काजळी तशीच ठेवतो.

खटका: ड्रेनच्या रॉडांचे जोड साध्या आट्यांचे असतील तर नकोत. उलटे फिरले की आटे सुटतात आणि ब्रश वरच अडकतो. खटक्याने बसणारे जोड घ्या, तरी फिरवायचं घड्याळाच्या दिशेनेच. वर घालताना रॉड मोजा, खाली काढतानाही मोजा. धुराड्याच्या टोकाला जाळी किंवा टोपी असेल तर शेवटचा रॉड हलक्या हाताने, नाहीतर ती खाली रस्त्यावर पडेल. बाहेर एक माणूस उभा करा.

लीड्सकर: आणि ड्रिलला लावून फिरवायचे नायलॉनच्या दोऱ्यांचे चाबूक?

चुनखडी: कमी वेगात चालतात, पण एका जागी थांबवायचे नाहीत, तिथे गिलावा खरवडला जातो. साखळीवाले तर विसराच. काळा, काचेसारखा चकाकणारा डांबरी थर दिसला तर कुठलाच ब्रश लागू पडत नाही, जाणकार माणूस बोलवा. तो थर ओल्या लाकडाने धरतो. लाकडातली ओल २० टक्क्यांखाली हवी.

खटका: घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. बारीक काजळी साध्या फिल्टरमधून पार होऊन खोलीभर पसरते. एफएफपी-३ मास्क (अगदी बारीक कण अडवणारा) घाला. काजळीने कॅन्सर होतो हे पर्सिव्हल पॉट या सर्जनने १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्यांत दाखवून दिलंय.

काड्या खाली पडत असतील तर वर घरटं आहे. ब्रशने रेटलं तर तेच बूच बनतं. वापरात असलेलं घरटं काढणं ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पिल्लं उडेपर्यंत थांबा. सफाईनंतर धुराची गोळी पेटवून माळा आणि वरच्या खोल्या तपासा. कुठे धूर झिरपला तर दुरुस्तीआधी शेगडी पेटवायची नाही.