निवृत्त शिक्षकांनी निवृत्तिवेतन घेत पुन्हा वर्गावर जावे का?

मूळ मुद्दा
जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर, पवित्र पोर्टल या शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळामार्फत नियमित भरती होईपर्यंत, निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर नेमण्याचा निर्णय राज्य शासनाने ७ जुलै २०२३ रोजी घेतला आणि त्यासाठी कमाल वयोमर्यादा ७० वर्षे ठेवली. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणसेवकाचे, म्हणजे पहिली तीन वर्षे मानधनावर काम करणाऱ्या नव्या शिक्षकाचे, मानधन ६,००० वरून १६,००० रुपये झाले. म्हणजे शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी देऊन, तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढणाऱ्या तरुणापेक्षा, ज्याचे घर निवृत्तिवेतनावर चालते त्याला ४,००० रुपये अधिक. निवृत्तांच्या योग्यतेविषयी मला शंका नाही. हा हिशेब मात्र पटत नाही.

प्रतिसाद १ (निवृत्त मुख्याध्यापक)
निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, ते केलेल्या सेवेचे देणे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या डी. एस. नकारा खटल्यातच स्पष्ट केले आहे. मी घरी बसलो तरी ते मिळते आणि वर्गावर गेलो तरी तेवढेच मिळते. मग मानधन हा नव्या कामाचा मोबदला नाही तर काय? दोनशिक्षकी शाळेतला एक जण प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. भरतीचा तिढा सुटेपर्यंत पहिलीच्या मुलाने वाचायला शिकणे थांबवावे, असे आपले म्हणणे आहे का?

प्रतिसाद २ (धागाकर्ता)
निवृत्तिवेतनाबद्दलचे आपले म्हणणे मान्य, सर; त्या बाबतीत माझी मांडणी चुकली. पण निवृत्ती काही अवकाळी पावसासारखी येत नाही. जन्मतारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर असते आणि ५८ व्या वर्षी कोणती जागा रिकामी होणार हे रुजू झाल्या दिवसापासून ठाऊक असते. तरीही जागा रिकाम्या राहतात, कारण नियमित वेतनश्रेणीपेक्षा मानधन स्वस्त पडते. ‘भरती होईपर्यंत’ या शब्दांवर म्हणूनच माझा भरवसा नाही: ५ सप्टेंबर २०२४ रोजी, नेमक्या शिक्षकदिनी, २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, शक्यतो निवृत्त, आणि तोही १५,००० रुपयांवर नेमण्याचा निर्णय निघाला. त्यात तात्पुरते काय उरले?

प्रतिसाद ३ (डी.एड. पात्रताधारक)
एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यातून सुटली. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना निश्चित निवृत्तिवेतन देणारी जुनी योजना सरसकट लागू झाली नाही. आज निवृत्त शिक्षक एवढ्या रकमेत येतात, कारण त्यांच्या मागे ते निवृत्तिवेतन उभे आहे. माझ्यासारख्याने त्याच रकमेत भाडे, घरखर्च आणि दूरच्या शाळेचा प्रवास भागवायचा असतो. एकाला ते जोडउत्पन्न आहे, दुसऱ्याला तीच भाकरी आहे. आणि दर ठरतो तो पहिल्याकडे पाहून.

प्रतिसाद ४ (निवृत्त मुख्याध्यापक)
हे मी या बाजूने कधी पाहिले नव्हते, हे कबूल करतो. तरीही माझे मानधन १६,००० वर आणावे, हा त्यावरचा उपाय नव्हे, शिक्षणसेवकाचे वाढवावे. आणि माझ्यासारख्याची नेमणूक करायचीच असेल, तर आदेशावर शेवटची तारीख छापलेली असावी आणि ती उलटल्यावर मुदतवाढ मिळू नये, एवढी अट मी स्वतःहून मान्य करीन.